लहानपणापासून संधिवात असलेलं मूल पुढे इतरांसारखं जगू शकतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: "माझ्या सात वर्षांच्या मुलीला जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात असल्याचं मागच्या महिन्यात कळलं. एक गुडघा आणि एक घोटा सुजलाय. विचारलं तर 'दुखत नाही' म्हणते. मोठी होऊन ती इतरांसारखं जगू शकेल का? ज्यांना लहानपणापासून हा आजार आहे, त्यांनी सांगावं."

मी सांगते. मला १९८७ साली झाला, पाचव्या वर्षी. आता चाळिशी ओलांडली. नोकरी करते, संसार आहे, एक मुलगी आहे, तीही आता माझ्या खांद्याला लागली. उजवं मनगट वळत नाही, डाव्या बाजूचा खुबा बदललेला आहे आणि डाव्या डोळ्याची नजर अधू आहे. पण ही यादी वाचून घाबरू नका. माझी सुरुवातीची वर्षं औषधं नसलेल्या काळात गेली आणि पुढची काही माझ्या मूर्खपणात. तुमच्या मुलीच्या वाट्याला यातलं काहीच यायला नको, आणि येणार नाही अशी सोय आज आहे.

खटकलं ते एकच वाक्य. विचारलं तर दुखत नाही म्हणते.

मीही हेच म्हणायचे, आणि खोटं बोलत नव्हते. ज्या मुलाचे सांधे कळायला लागल्यापासून धरलेले असतात, त्याला न धरलेले सांधे कसे असतात हे ठाऊकच नसतं. मला वाटायचं, सकाळी सगळ्यांचेच पाय असे असतात. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. सकाळी मी त्या बसून उतरायचे, एकेक करत, बुडावर घसरत. घरच्यांना तो खेळ वाटायचा. दुपारी मी तोच जिना धावत उतरायचे, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. या आजाराची ही मोठी लबाडी आहे. रात्रभर सांधा हलला नाही की तो आखडतो, सकाळी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ लाकडासारखा असतो आणि हालचाल सुरू झाली की मोकळा होतो. डॉक्टरांकडची वेळ नेमकी संध्याकाळची असायची, आणि तिथे मी उड्या मारत जायचे.

म्हणून "दुखतंय का?" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि तिच्याकडे नुसतं बघा. आधी करत होती आणि आता करत नाही असं काय आहे? जमिनीवर बसताना एक पाय पसरून ठेवते का? पेला दोन्ही हातांनी उचलते का? बाटलीचं झाकण उघडायला तुमच्याकडे आणून देते, की दातांनी उघडते? जेवायला फार वेळ लावते का? (जबड्याचा सांधाही धरतो, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.) चालत जायचं म्हटलं की "उचलून घे" म्हणते का? मुलं तक्रार करत नाहीत, पळवाट काढतात. माझी आई पुढे या पळवाटा ओळखण्यात इतकी तरबेज झाली, की मी शर्टाची बटणं वरून लावायला घेतली की खालून, यावरून ती माझी बोटं कशी आहेत ते सांगायची.

आजाराबद्दल थोडं, कारण नातेवाईक तुमचं डोकं खाणारच आहेत. "या वयात कसला संधिवात?" हे वाक्य मी अजून ऐकते. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्यांची सूज म्हणजे जेआयए. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या ब्रिटिश डॉक्टरांनी लहान मुलांमधल्या अशा संधिवाताचं सविस्तर वर्णन १८९७ मध्येच करून ठेवलंय, तेव्हा हे काही आजचं नवं फॅड नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. का उलटते, हे नेमकं कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही काही खायला घातलं, गार पाण्यात खेळू दिलं, म्हणून हे झालेलं नाही. माझी आई वीस वर्षं स्वतःला दोष देत राहिली. तुम्ही तो वेळ वाचवा.

याचे प्रकार आहेत. पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा त्यापेक्षा कमी सांधे धरले तर एक, पाच किंवा जास्त धरले तर दुसरा. एका प्रकारात रोज ताप चढतो-उतरतो आणि अंगावर पुरळ येतं. आणखीही आहेत. तुमच्या मुलीचा कुठला, हे तज्ज्ञांना विचारून लिहून घ्या, कारण पुढच्या तपासण्या त्यावर ठरतात. आणि हो, मोठ्यांच्या संधिवाताची जी रक्तातली ठरलेली तपासणी असते, ती बहुतेक मुलांमध्ये निगेटिव्हच येते. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, वाढीचं दुखणं असेल" असं म्हणून एका डॉक्टरांनी आम्हाला घरी पाठवलं होतं. त्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं आणि मनगटाची वाट लागली ती तेव्हाच.

औषधांचं म्हणाल तर माझ्या लहानपणी ॲस्पिरिन होतं, भरपूर ॲस्पिरिन. इतकं, की कानात सतत रातकिडे वाजायचे. (तो आवाजही मला सगळ्यांनाच येतो असं वाटायचं.) जोडीला विश्रांती. खेळाच्या तासाला मी सगळ्यांच्या दप्तरांची राखण करायचे. रात्री गुडघ्यांखाली उशी घेतली की बरं वाटायचं म्हणून आई प्रेमाने उशी द्यायची, आणि त्या उशीनेच माझा गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडला. तो सरळ करायला पुढे दीड वर्ष रात्री पट्ट्या बांधून झोपावं लागलं. तेवढी उशी मात्र तुमच्याकडे असेल तर आजच काढा.

मेथोट्रेक्सेट हे रोगप्रतिकारक यंत्रणेला आवरणारं औषध मुलांमध्ये उपयोगी पडतं हे नीट सिद्ध झालं १९९२ च्या सुमाराला. माझ्यापर्यंत ते तेराव्या वर्षी आलं. तुमच्या मुलीलाही कदाचित तेच देतील, किंवा आधी सांध्यातच स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बघतील. मोजक्याच सांध्यांना सूज असेल तर त्या एका इंजेक्शनने कित्येक महिने आराम पडू शकतो. मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, घरातल्या प्रत्येकाला तो पाठ असू द्या.

त्याचा खरा त्रास म्हणजे मळमळ. औषध पिवळं असतं. दोन-तीन महिन्यांत माझी अशी गत झाली, की शुक्रवारी दुपारी शाळेत कुणी पिवळी पट्टी काढली तरी पोटात ढवळायचं. औषध रात्री असायचं, ओकारी दुपारीच यायची. ही नाटकं नसतात. मेंदू तसं शिकून ठेवतो आणि एकदा शिकला की विसरता विसरत नाही. म्हणून सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोला. फॉलिक ॲसिड जोडीला देतातच. गोळीऐवजी त्वचेखालचं इंजेक्शन पोटाला पुष्कळदा सोसतं. झोपायच्या आधी दिलं तर मळमळ झोपेत निघून जाते. आणि औषध देताना "बघ, आता थोडंसंच कडू आहे हं" वगैरे समारंभ करू नका. बाबा वर्तमानपत्र वाचता वाचता माझ्या हातात गोळी ठेवायचे, एक शब्द न बोलता. तेच बरं होतं.

मग बायोलॉजिक्स आली, म्हणजे सूज पेटवणाऱ्या एखाद्या घटकालाच नेमकं अडवणारी औषधं. त्यातल्या एटानरसेप्टला अमेरिकेत मुलांसाठी मंजुरी मिळाली १९९९ मध्ये, नंतर त्याच्यासारखी बरीच आली. मला तसं इंजेक्शन मिळालं चोविसाव्या वर्षी. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी उठले, तोंड धुतलं आणि मग लक्षात आलं की ओंजळीत पाणी राहिलं होतं. बोटं मिटली होती, सांडलं नव्हतं. बेसिनपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. इतर लोक रोज सकाळी असे उठतात, हे मला त्या दिवशी कळलं.

या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते. सुरू करायच्या आधी क्षयाची तपासणी करतात, जिवंत जंतूंच्या लशी चालू औषधात विचारल्याशिवाय द्यायच्या नसतात, आणि ताप आला की "बघू उद्या" म्हणायचं नसतं. हे ऐकून लोक औषधं टाळतात. मला विचाराल तर औषधांची भीती वाटणं ठीक आहे, पण न वापरण्याचीही तितकीच भीती वाटली पाहिजे. सुजलेला सांधा थांबून राहत नाही, आतून झिजत असतो. लहान मुलांमध्ये आणखी एक भानगड: सुजलेल्या गुडघ्याला रक्तपुरवठा जास्त होतो आणि तो पाय भराभर वाढतो. माझा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब झाला, बुटाला आतून टाच लावून शाळा काढली.

आता मूर्खपणाचं. एकोणिसाव्या वर्षी मला एकदम बरं वाटत होतं. घरापासून लांब राहत होते, मैत्रिणींसमोर मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन काढायची लाज वाटायची. बंद केलं, आणि घरी सांगितलं नाही. चार महिने मजेत गेले. पाचव्यात डावा खुबा धरला, आणि तो पुन्हा कधीच पूर्ण सुटला नाही. एकतिसाव्या वर्षी बदलावा लागला. बरं वाटतंय ते औषधामुळेच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण सांगितलं होतं ते आईबाबांना. मी शेजारच्या खुर्चीत बसून पाय हलवत असायचे. माझ्या आजाराचा सगळा कारभार ते दोघं बघत होते, आणि मला तो अचानक एका बॅगेसोबत सोपवला गेला. म्हणून तुम्हाला सुचवते, ती दहा-बारा वर्षांची झाली की डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं तिला देऊ द्या. मध्ये बोलू नका. जमत असेल तर पाच मिनिटं बाहेर थांबा. औषधं कधीतरी कमी होतात, काहींची सुटतातही, पण ते आजार बराच काळ शांत राहिल्यावर डॉक्टर ठरवतात, आणि नंतरही तो परतू शकतो. हे तिला तिच्या कानांनी ऐकू द्या.

व्यायाम मात्र करायचाच. विश्रांतीचा तो जमाना गेला. पोहणं आणि सायकल सर्वांत सोसतात, पण तिला पळायला आवडत असेल तर पळू द्या, दुखलं तर ती थांबेल. मांडीचे स्नायू टिकले तर गुडघा टिकतो. मी अजून रोज रात्री पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते आणि ती दाबून धरते. टीव्ही बघता बघता होतं. (उशी झोपेत नको, गुंडाळी व्यायामापुरती. दोन्हींत गल्लत करू नका.)

शाळेला एकदाच नीट पत्र द्या: सकाळी उशीर होऊ शकतो, तासाभराने उठून चालू द्यावं, लिहायला जास्त वेळ लागेल, पुस्तकांचा एक संच वर्गातच राहील. खेळातून काढू नये, हेही त्यात लिहा. थकव्याबद्दल मात्र पत्राने काही होत नाही. तो दिसत नाही, त्यामुळे कुणाला पटत नाही, कधी कधी माझ्या नवऱ्यालाही नाही.

लग्न, मूल याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट डॉक्टरांना विचारून काही महिने आधी थांबवावं लागतं, गर्भाला ते घातक असतं. तेवढं नियोजन केलं. मुलगी झाली तेव्हा मनगट वळत नसल्याने तिला हातांनी उचलता येईना. मग मी दोन्ही कोपरांपर्यंतचे हात तिच्याखाली सरकवून, ताट उचलावं तशी पाळण्यातून उचलायचे. ती तशीच वाढली. बाकीच्यांनी उचललं की रडायची.

डोळा शेवटी ठेवला, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली. या आजारात दहातल्या एक-दोन मुलांच्या डोळ्यांत आतून सूज येते, युव्हायटिस म्हणतात. कमी सांधे धरलेल्या लहान मुलींमध्ये, विशेषतः रक्ताची एएनए तपासणी (आपल्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) पॉझिटिव्ह असेल तर, जास्त. सांधे शांत असतानाही येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. आम्हाला याबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना उजवा डोळा तळहाताने झाकला की समोरचं सगळं दुधाळ दिसायचं. मला ती गंमत वाटायची, वर्गात बसून मी ती करत राहायचे. सुमारे वर्षाने शाळेतल्या नजरतपासणीत फळ्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर वाचता आलं नाही, तेव्हा घरी कळलं.

तिची डोळ्यांची तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात वेळ घ्या. चष्म्याच्या नंबराची नव्हे, नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पवरची (डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणारं यंत्र), आणि पुढची कधी, दर तीन महिन्यांनी की आणखी कशी, तेही विचारून या. ती म्हणेल, मला छान दिसतं. तरी न्या.