‘डू व्हॉट दाऊ विल्ट’मधल्या ‘विल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: थेलेमा या पाश्चात्त्य गूढवादी पंथाचं मुख्य वाक्य ‘डू व्हॉट दाऊ विल्ट शॅल बी द होल ऑफ द लॉ’ मराठीत ‘मनाला येईल ते कर, हाच कायदा’ असं द्यावं का? आणि ‘विल’साठी इच्छा, संकल्प, स्वधर्म यांपैकी कोणता शब्द बरोबर?

‘मनाला येईल ते कर’ चुकीचं आहे. त्यानं अर्थ पार उलटा होतो. हे वाक्य या पंथाचा संस्थापक, इंग्रज गूढवादी ॲलिस्टर क्रोली (१८७५–१९४७) याच्या ‘बुक ऑफ द लॉ’मधलं आहे. कैरोत ८, ९ आणि १० एप्रिल १९०४ रोजी दुपारी १२ ते १ या वेळात, रोज एक याप्रमाणे त्याचे तीन अध्याय उतरवून घेतले, असं तो सांगतो. पहिल्या अध्यायातलं ४०वं वचन हे आपलं वाक्य. पण ४२वं वचन सोडून ते वाचलं की घोटाळा होतो. तिथे म्हटलंय की आपली ‘विल’ पार पाडण्यापलीकडे तुला कोणताच हक्क नाही. पुढे क्रोलीनंच खुलासा केला: हे वाक्य म्हणजे स्वातंत्र्याचा कळस आहे, तसंच ते सगळ्यात कडक बंधनही आहे, ‘विल’प्रमाणे वाग, आणि मग दुसरं काहीही करू नकोस. मनाला तर सकाळी एक येतं, संध्याकाळी दुसरं. मर्जी, लहर, मनमानी, स्वैराचार ही सगळी शब्दावळ इथे बाद. स्वैराचार हा शब्द टीकाकारानं आरोप म्हणून खुशाल वापरावा, भाषांतरकारानं नाही.

थेलेमा हा ग्रीक शब्द, ‘थेलो’ म्हणजे ‘इच्छितो’ या क्रियापदावरून आलेला. नव्या करारात येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत तोच आहे, आणि तिथे मराठी बायबल ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणतं. म्हणजे थेलेमाला ‘इच्छा’ हा प्रतिशब्द आपल्याकडे आधीपासून रुळलेला आहे, तोही देवाच्या इच्छेसाठी. गीतेच्या १८व्या अध्यायातलं ‘यथेच्छसि तथा कुरु’ही आठवावं. त्याच्या आधी ‘विमृश्यैतदशेषेण’ आहे, म्हणजे सगळा विचार करून झाल्यावरची इच्छा. तिला कोणी लहर म्हणणार नाही.

संकल्प हा शब्द अनेकांना भारदस्त वाटतो, पण मला तो इथे चालत नाही. पूजेचा संकल्प आठवा: देशकाल उच्चारायचा, मग ‘अमुक फलप्राप्त्यर्थं’ म्हणून उदक सोडायचं. फळ आधी सांगितल्याशिवाय संकल्प पुरा होत नाही. आणि ४४वं वचन नेमकं याच्या उलट आहे: हेतूनं बोथट न झालेली आणि फळाच्या लालसेतून सुटलेली शुद्ध ‘विल’ सर्व प्रकारे परिपूर्ण असते. शिवाय संकल्प आपण करतो; ‘विल’ मात्र शोधून काढायची असते, ती मुळातच असते. इच्छाशक्ती म्हणजे निर्धाराचा जोर. कुठे जायचं हे त्या शब्दातून कळत नाही.

स्वधर्म सगळ्यात जवळ येतो, कारण त्यात बंधन आहे आणि दुसऱ्याच्या वाटेला न जाणंही आहे. अडचण अशी की आपल्या कानाला त्यात वर्ण, आश्रम, घराणं ऐकू येतं. कर्तव्य बाहेरून नेमून दिलेलं असतं. थेलेमात ते नेमून देणारा कोणी नाही. ‘प्रत्येक पुरुष आणि प्रत्येक स्त्री हा एक तारा आहे’, असं पहिल्या अध्यायाचं तिसरं वचन सांगतं. प्रत्येक ताऱ्याची कक्षा वेगळी, म्हणून सगळे आपापल्या कक्षेत राहिले तर टक्कर होत नाही. या पंथाची नीती इथून सुरू होते. चूक म्हणजे आपली कक्षा सोडणं किंवा दुसऱ्याला त्याच्या कक्षेतून ढकलणं.

त्यामुळे ४१व्या वचनातल्या ‘रिस्ट्रिक्शन’ला, ज्याला तिथे पापाचा शब्द म्हटलंय, ‘बंधन’ म्हणू नये. बंधनात संयमही येतो, आणि संयम थेलेमाला वर्ज्य नाही. उलट क्रोलीनं घालून दिलेल्या एका अभ्यासात ठरावीक मुदतीत ‘मी’सारखे शब्द बोलायचेच नसतात किंवा पायावर पाय टाकायचा नसतो, आणि प्रत्येक चुकीची शिक्षा व नोंद होते. ‘अडवणूक’ हा शब्द योग्य.

कोणताही प्रतिशब्द तपासायला या पंथाची जेवणाआधीची प्रश्नोत्तरं उत्तम. टेबलावर ठोठावून मुख्य वाक्य म्हणतात. मग: तुझी ‘विल’ काय? – खाणंपिणं. कशासाठी? – देह सबळ व्हावा म्हणून. ते कशासाठी? – महाकार्य (‘ग्रेट वर्क’, म्हणजे साधकाचं अंतिम आध्यात्मिक ध्येय) सिद्धीस जावं म्हणून. पुढे ‘कशासाठी’ विचारत नाहीत. इथे ‘तुझा स्वधर्म काय?’ – ‘जेवण’ हे विचित्र वाटतं. ‘तुझा संकल्प काय?’ विचारलं तर घासाचं व्रत होतं. ‘तुझी मर्जी काय?’ म्हटलं तर पुढचे दोन्ही ‘कशासाठी’ लंगडे पडतात. ‘तुझी इच्छा काय?’ मात्र शेवटपर्यंत टिकतं.

म्हणून साध्या ‘विल’ला इच्छा, नेहमी एकवचनात, ‘इच्छा’ हेच रूप अनेकवचनी वापरलं की वासना झाल्या. ‘ट्रू विल’साठी, म्हणजे शोधून काढायच्या त्या मुळातल्या ‘विल’साठी, ‘खरी इच्छा’ घेऊ नये. ‘माझी खरी इच्छा डॉक्टर व्हायची होती’ असं आपण रोज म्हणतो. मी ‘निज-इच्छा’ सुचवीन. निजरूप, निजसुख, निजधाम या संतांच्या शब्दांत ‘निज’ म्हणजे मुळातलं, आपलं स्वतःचं. जोडरेघ मात्र ठेवावी. ‘निजेच्छा’ लिहिलं तर वाचणाऱ्याला झोप आठवते. पूर्ण वाक्य: ‘तुझी इच्छा असेल तेच कर, हाच अवघा नियम.’ ‘तेच’मधला ‘च’ मूळ शब्दांत नाही, पण ४२व्या वचनाचा सगळा भार त्यावर आहे, म्हणून तो गाळू नये. ‘लॉ’ला कायदा म्हटलं की कोर्ट आठवतं, नियम बरा. ५७व्या वचनातलं जोडवाक्य मग ‘प्रेम हा नियम, इच्छेच्या अधीन प्रेम’ असं सरळ बसतं.

पंथीय पत्रांत ९३ हा आकडा दिसतो, तो तसाच ठेवावा. ग्रीक अक्षरांच्या अंकमूल्यांनी ‘थेलेमा’ची बेरीज ९+५+३०+८+४०+१ म्हणजे ९३ होते, आणि प्रेमासाठीच्या ‘अगापे’चीही १+३+१+८०+८ अशी ९३च. मराठी प्रतिशब्द कोणताही घेतला तरी हा हिशेब त्यात येणार नाही. तळटीप द्यावीच लागेल.