नळी अरुंद आहे, पण कशामुळे?

प्रश्न : माझे वडील ५६ वर्षांचे आहेत. महिन्यापूर्वी तळजाईवर फिरताना त्यांच्या उजव्या हातातले बळ गेले, गाडीची किल्ली गळून पडली, जीभ जड झाली आणि वीस मिनिटांत सारे पूर्ववत झाले. एमआरआयमध्ये मेंदूला इजा दिसली नाही. मात्र अँजिओग्राफीच्या अहवालात मेंदूच्या डाव्या मधल्या धमनीत ‘मध्यम अरुंदपणा’ लिहिला आहे. त्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन नाही. आता न्यूरॉलॉजिस्टनी ३ टेस्ला (म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) यंत्रावर ‘व्हेसल वॉल एमआरआय’, म्हणजे धमनीच्या भिंतीचा एमआरआय, सांगितला आहे. एकदा एमआरआय झाल्यावर पुन्हा तोच खर्च कशासाठी? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : यंत्र तसेच असले तरी तपासणी ती नव्हे. अँजिओग्राफीत धमनीतून वाहणारे रक्त दिसते, धमनीची भिंत दिसत नाही. त्यामुळे वाट कोठे अरुंद झाली हे कळते, पण ती चरबीच्या थराने, भिंतीच्या दाहाने की भिंतीचा आतला पदर फाटल्याने अरुंद झाली, हे त्या चित्रावरून ठरवता येत नाही. शिवाय पुष्कळदा थर आधी बाहेरच्या बाजूला फुगतो आणि तोवर आतली वाट जवळजवळ मोकळीच दिसते.

ही धमनी जेमतेम ३ मिलिमीटर रुंदीची असते. नव्या तपासणीत वाहत्या रक्ताचा आणि मेंदूभोवतालच्या पाण्याचा संदेश दाबून दोन्ही काळे केले जातात आणि सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या बारकाव्याने भिंत टिपली जाते. आडव्या छेदात मध्ये काळा ठिपका आणि भोवती करडे कडे दिसते. कडे एकाच बाजूला चंद्रकोरीसारखे जाड असेल तर बहुधा चरबीचा थर असतो. सगळीकडून सारखे जाड होऊन काँट्रास्टनंतर (शिरेतून दिलेल्या, चित्र उजळवणाऱ्या औषधानंतर) उजळले, तर दाहाची शंका घ्यावी लागते. थरच काँट्रास्टने ठळक उजळला, तर त्याचा नुकत्याच आलेल्या झटक्याशी संबंध असण्याची शक्यता वाढते. अर्थात भिंत इतकी पातळ असते की अनुभवी डोळ्यांनाही चकवा बसू शकतो.

ही तपासणी सरसकट सर्वांनी करावी असे मला वाटत नाही. सत्तरीचे, मधुमेह असलेले, धूम्रपान करणारे गृहस्थ असते तर कारण उघड होते आणि उपचारही बहुधा तेच राहिले असते. आपल्या वडिलांच्या बाबतीत नेहमीची कारणे नाहीत, आणि दाह निघाला तर औषधांची दिशाच बदलते. म्हणून हा सल्ला मला रास्त वाटतो.

थर निघाल्यास लगेच स्टेंटचा विचार नको. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या सॅम्प्रिस चाचणीत ७० ते ९९ टक्के अरुंदपणाच्या रुग्णांत स्टेंट घातलेल्यांपैकी १४.७ टक्क्यांना, तर केवळ औषधोपचार घेणाऱ्यांपैकी ५.८ टक्क्यांना पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू आला. वडिलांचा अरुंदपणा तर मध्यमच आहे.

जाताना जुन्या तपासणीची सीडी आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल न्यावा. पेसमेकर असल्यास आधी सांगावे. आत अर्धा-पाऊण तास मान न हलवता पडून राहावे लागते. जराशी हालचालही इतक्या बारीक चित्राचा विचका करते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या तपासणीसाठी स्वतःहून बंद करू नयेत. मधल्या काळात हात पुन्हा लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर मागच्यासारखे आपोआप बरे होईल म्हणून न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते.