बारावीनंतर बीए फ्रेंच करून खरंच फायदा होतो का, की क्लास लावून बी२ (परकीय भाषेच्या सहा पातळ्यांतली चौथी) केलेलं पुरतं?

या प्रश्नावर आमच्या घरात दर गणपतीत भांडण होतं, त्यामुळे लिहायलाच बसले. माझा चुलतभाऊ इंजिनीयर, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारच्या क्लासने बी२ काढलं आणि गेला कॅनडाला. मी आधी बीए फ्रेंच, मग पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून एमए. दादाचं एकच पालुपद, पाच वर्षं कविता वाचत बसलीस, मी तेच दीड वर्षात केलं.

तेच नाही केलंस रे बाबा.

मी भोसरीत एका पंपाच्या कंपनीत एक्स्पोर्टला आहे, पश्चिम आफ्रिका माझ्याकडे. फ्रेंच म्हटलं की सगळ्यांना पॅरिसच दिसतं, आमचे पंप जातात सेनेगल, बेनिन, आयव्हरी कोस्टला. सेनेगलमध्ये घरात, बाजारात वोलोफ चालते पण टेंडर, कस्टम, बँक, कोर्ट म्हटलं की फ्रेंच. तर राजधानी डाकारपासून साधारण सत्तर किलोमीटरवर त्येस म्हणून शहर आहे, तिथल्या डीलरशी आमचं वॉरंटीवरून वाजलं होतं. मोटारी जळल्या, तो म्हणे माल खराब, आमचे सर्व्हिसवाले म्हणे व्होल्टेज खराब, आणि मेलवर मेल, सगळे एआयने लिहिलेले, व्याकरण एकदम चोख आणि माणूस जास्तच चिडलेला. शेवटी मीच फोन लावला. बोलता बोलता तो म्हणाला की आमचं घराणं रेल्वेचं, आजोबा इथल्याच वर्कशॉपला होते. मी पटकन विचारलं, म्हणजे १९४७ च्या संपात होते का? कारण डाकार-नायजर रेल्वेचा तो संप, ऑक्टोबर ४७ ते मार्च ४८, आफ्रिकन कामगारांना गोऱ्यांसारख्या सवलती हव्यात म्हणून केलेला, आम्हाला एमएला आफ्रिकेतलं फ्रेंच साहित्य होतं त्यात आला होता. आपल्याकडे गिरणी संपाचा विषय काढला की लालबागचा माणूस कसा सुटतो, तसा हा सुटला. बायकांनी त्येसहून डाकारपर्यंत चालत मोर्चा नेला ती गोष्ट त्याने त्याच्या आजीकडून ऐकलेली, मी कादंबरीत वाचलेली. मोटारींचा विषय अर्ध्या तासाने निघाला.

पेमेंट काही लगेच आलं नाही, ते नेहमीसारखं रखडूनच आलं. पण तेव्हापासून तो मेल करत नाही, मला थेट व्हॉइस नोट पाठवतो, आणि साइटवर व्होल्टेज पडतं हे त्याने स्वतःच कबूल केलं. हे बी२ च्या पुस्तकात नसतं, तिथे हॉटेल बुक करणे, तक्रारीचं पत्र आणि पर्यावरणावर मत. दादा मॉन्ट्रियलला राहतो, बोलतो फाडफाड, पण तिथले लोक भाषेच्या कायद्यावरून एवढे का पेटतात हे त्याला अजून कोडंच आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं. भाषेत रस असेल, शिकवायचं असेल, भाषांतर किंवा असलं काम करायचं असेल तर बीए कर, बिनधास्त. अकरावीला मार्क पडतात म्हणून फ्रेंच घेतलं होतं आणि तेवढ्याच जोरावर विचारत असशील तर नको, दुसऱ्या वर्षीच रडशील. आणि नुसत्या डिग्रीवर बसू नकोस, वर्गात बोलायला फार कमी मिळतं, कंपन्या बी२ चा कागद मागतात, तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत डेल्फ (फ्रेंचची अधिकृत परीक्षा) बी२ देऊन टाक, ते सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं.

हां, फक्त कॅनडाच डोक्यात असेल तर दादाचं बरोबर आहे (त्याला सांगू नका). एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे कॅनडात कायमचं राहायला जायच्या पॉइंटवाल्या पद्धतीत, फ्रेंच येतं याचा पुरावा म्हणून तुझी बीएची डिग्रीही चालत नाही आणि डेल्फही, टीईएफ कॅनडा नाहीतर टीसीएफ कॅनडा हीच परीक्षा लागते. बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं या चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची लेव्हल ७ आली आणि इंग्रजी बरं असलं की ५० पॉइंट जादा मिळतात. फक्त निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून फाइल टाकायच्या बेतात असशील तेव्हाच परीक्षा दे.