कोपराचं ऑपरेशन चार-पाच दिवसांनी केलं तर उशीर होतो का?

भाऊ दुचाकीवरून पडला, कोपर निखळलं, रेडियल हेड (अंगठ्याकडच्या हाडाचं कोपरातलं टोक) आणि कोरोनॉइड (करंगळीकडच्या हाडाचा कोपरातला पुढचा उंचवटा) दोन्ही मोडली. डॉक्टरांनी त्याच रात्री सांधा बसवून प्लास्टरचा स्लॅब (अर्धं प्लास्टर) घातला आणि ऑपरेशन चार-पाच दिवसांनी करू म्हणाले. घरच्यांना वाटतंय, उगाच वेळ काढताहेत. असंच लिहिलंय ना तुम्ही?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही, पण नंतरची कोपरं माझ्याच हातात येतात. तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. खरी घाई सांधा जागेवर बसवण्याची होती, ती झाली.

सुरुवातीला कोपर इतकं सुजतं की कातडी ताणून चकाकते, कधी पाण्याचे फोड येतात. तिथे चीर दिली तर जखम भरायला त्रास होतो, पू होण्याची भीती वाढते. शिवाय या तिहेरी दुखापतीला हाडांचे डॉक्टर ‘टेरिबल ट्रायड’, म्हणजे भयंकर त्रिकूट, म्हणतात ते उगाच नाही. सीटी स्कॅन नीट पाहायचा, हेडचे तुकडे जुळतील की कृत्रिम हेड बसवावं लागेल हे ठरवायचं, सामान मागवायचं, याला वेळ लागतोच.

बोटं थंड-पांढरी पडली, मुंग्या वाढत गेल्या, बोटं सरळ करताना असह्य कळ आली, तर मात्र मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल किंवा सांधा पुन्हा सरकला असेल, तरीही थांबायचं नाही.

पण चार दिवसांचे चार आठवडे होऊ देऊ नका. माझ्याकडे एक ताई आल्या होत्या. पैशांची जुळवाजुळव, मधे कुणीतरी सुचवलेलं तेल-मालिश, यात पाच आठवडे गेले आणि मग ऑपरेशन झालं. कोपराभोवती नको तिथे हाड धरलं होतं. भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जाईना, मान खाली घालून घास घ्यायच्या. रोजच्या बहुतेक कामांना कोपर 30 ते 130 अंश हलावं लागतं; त्यांचं सहा महिन्यांच्या व्यायामानंतरही 100 च्या पुढे वाकलं नाही. अजून वाईट वाटतं.

म्हणून मालिश अजिबात नको. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेत बसतं का, हे आजच रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. आणि डॉक्टरांना विचारा, ऑपरेशननंतर कितव्या दिवशी कोपर हलवायला सुरुवात करायची? तोवर त्याला बोटांची मूठ उघड-मीट करायला लावा, हात उशीवर उंच ठेवा.