पहिला स्ट्रॉबेरी पाय करताय? एवढं सांभाळा

अगं, घाबरू नकोस. पाय (pie) म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत कवचात भरलेलं फळ. ताज्या स्ट्रॉबेरीच्या पायमध्ये फळ भाजायचंच नसतं, भाजायचं ते फक्त कवच. (आमच्या सासूबाई अजून विचारतात, "आज कुणाचा पाय?")

खरी अडचण मुंबईच्या दमट, उबदार हवेची, लोणी लगेच मऊ पडतं. कवचाला दीड वाटी मैदा, १०० ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ. लोणी फ्रिजमधून काढलेलं कडक, पाणी बर्फाचं, तेही चमचा-चमचा. पोळीच्या कणकेसारखं मळत बसलीस तर कवच चिवट होणार. मळणं नाही, नुसतं गोळा करणं. मग अर्धा तास फ्रिजमध्ये. लाटून साच्यात बसव, काट्याने टोच, वर बटर पेपर आणि कोरडा राजमा पसरून १८० अंशांवर १५ मिनिटं. राजमा काढून आणखी १०-१२, सोनेरी होईपर्यंत.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- कवच गरम असतानाच भरणं. खाली लगदा होतो. माझा पहिला असाच चमच्याने खाल्ला.
- धुतलेली स्ट्रॉबेरी न पुसणं. देठ धुतल्यावरच काढ.
- कॉर्नफ्लोअर कच्चं ठेवणं. पाव किलो फळं कुस्करून साखर नि गार पाण्यात कालवलेलं तीन चमचे कॉर्नफ्लोअर घाल. उकळी येऊन पारदर्शक होईपर्यंत ढवळ.

हे कोमट झालं की गार कवचात मांडलेल्या अर्धा किलो फळांवर ओत, चार तास फ्रिजमध्ये. महाबळेश्वरची फळं जानेवारी-फेब्रुवारीत घे, पेटीचा तळ बघूनच. वरून मैद्याच्या पट्ट्यांचं जाळीदार झाकण वगैरे पुढच्या वर्षी!