‘आई, देव आहे कशावरून?’

सांगलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाताळपासून त्यानं चर्चमध्ये भक्तीला येणं बंद केलंय. परवा जेवताना म्हणाला, “आई, देव आहे कशावरून? एक तरी कारण सांग.” बाई ताटावरून उठल्या. तेव्हापासून घरात अबोला. “ताई, पटतील अशी कारणं लिहून पाठवा, मी त्याला वाचून दाखवीन,” असं त्या म्हणतात.

ताई,

वाचून दाखवू नका. माझं लिहिलेलं तुम्ही वाचायचं आणि त्यानं मोबाईलमध्ये डोकं खुपसून ऐकायचं, यातून काय निघणार? त्यानं कारण तुम्हाला विचारलं होतं. आणि ज्याचं देवाशी खरंच संपलंय, तो विचारत बसत नाही. येशूचा शिष्य थोमा, त्यानंही खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय येशू पुन्हा उठलाय हे मानणार नाही म्हणून हट्ट धरला होता. प्रभूनं त्याला हाकलून दिलं नाही, हात पुढे केले.

आता मला पटलेली कारणं सांगते. ती आधी तुम्ही पारखा.

विश्वाच्या सुरुवातीपासून वाद घालू नका, तो शिकलेला पोरगा आहे. विश्व एका बिंदूपासून सुरू झालं असावं, ही कल्पना १९३१ साली मांडली ती जॉर्ज लमेत्र या कॅथलिक फादरांनी. पण विज्ञानाला धर्माचा पुरावा म्हणून राबवू नये, असं त्यांचंच मत होतं. मलाही ते पटतं. काहीच नसण्याऐवजी हे सगळं आहे तरी का, एवढा प्रश्न तिथं उभा राहतो. तो मोठा आहे, पण त्यातून येशूचा पिता हाती लागत नाही.

माझा विश्वास टेकलाय तो पुनरुत्थानावर, म्हणजे येशू मेलेल्यातून उठला यावर. रोमन सुभेदार पिलाताच्या काळात येशूला मारलं, हे रोमन इतिहासकार टॅसिटसनंही लिहून ठेवलंय, आणि त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. प्रेषित पौलानं ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं ते इसवी सन ५५ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी. त्यात तो म्हणतो, पाचशेहून अधिक जणांनी उठलेल्या येशूला पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. किल्लारीचा भूकंप १९९३ चा. आज त्याबद्दल कुणी काहीबाही लिहिलं तर त्याला खोडून काढणारी माणसं अजून गावात आहेत की नाही? शिवाय रिकामी कबर आधी पाहिली बायकांनी. त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच होती, तर रचणाऱ्यानं पुरुष उभे केले असते.

पण मला सगळ्यात अडवतो तो याकोब, येशूचा भाऊ. येशू गावोगाव फिरत होता तेव्हा भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, योहानानं आपल्या शुभवर्तमानात तसं सरळ लिहिलंय. घरच्यांना तर त्याचं भान सुटलंय असं वाटत होतं. तोच याकोब पुढं यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला. पौल त्याला स्वतः भेटला होता. योसेफस हा यहुदी इतिहासकार सांगतो की ६२ साली त्याला दगडमार करून मारलं. सख्ख्या भावाला प्रभू म्हणणं काय असतं, हे घरात भाऊ असलेल्यालाच कळेल. माझा धाकटा मला ताई म्हणतो तेच पुष्कळ! मधे काहीतरी घडलं असणार. भूमितीसारखं सिद्ध होत नाही हे, मान्य. पण मी रोज यावरच पाय ठेवून उभी आहे.

आता तुमच्या पत्राच्या मागच्या पानाकडे येते. तिथं तुम्ही जाता जाता लिहिलंय, की २०१९ च्या पुरात तो आठवीत होता, आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि पुरातून लोकांना बाहेर काढणारी ब्रह्मनाळची बोट उलटून माणसं बुडाल्याची बातमी ऐकून तो दोन दिवस जेवला नव्हता. ताई, प्रश्न तिथला आहे. लमेत्र आणि याकोब त्याला पुरणार नाहीत. त्या दिवशी देव कुठं होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. “देवाची योजना असते” म्हणणाऱ्याला त्याच्यापुढे बसवू नका, मग तो तुमचा दीर का असेना. मला एवढंच ठाऊक आहे, की वधस्तंभावर खुद्द येशू ओरडला, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हाच प्रश्न ज्यानं विचारला त्याच्यापुढे मी गुडघे टेकते. पोराचा राग त्याला नवा नाही.

धीर धरा. कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी झाला, आणि तो नवऱ्यानं वादात हरवलं म्हणून नव्हे, स्वतःला पटलं म्हणून. पाळकसाहेबांनी प्रार्थना सांगितलीय, ती कराच. पण भक्तीला चल म्हणून रोज टुमणं लावू नका.

तुम्ही लिहिलंय, सासूबाईंचं बायबल पुरात भिजलं, दोरीवर वाळवलं, पानं फुगून ते आता मिटत नाही म्हणून रबरबँड लावून कपाटात ठेवलंय. नवीन का नाही घेतलंत? त्या चिखलात वाकून तेच का उचललंत? हे त्याला कधी सांगितलंय का? मला वाटतं नाही. आज जेवताना सांगा. आडवे प्रश्न विचारेल, विचारू दे. येत नसेल तिथं येत नाही म्हणा, फक्त या वेळी ताटावरून उठू नका.