नेदरलँड्समध्ये ७०,००० युरोची ऑफर आहे. ३०% रूलिंग धरून हातात नक्की किती येतील?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून आइंडहोव्हनला जायचंय, पगार वर्षाला ७०,००० युरो, सोबत पत्नी आणि लहान मुलगी. एचआर म्हणते ‘३०% टॅक्स फ्री’, म्हणजेच ३०% रूलिंग, परदेशातून भरती झालेल्यांना मिळणारी करसवलत. महिन्याला किती धरायचे? मी याच वाटेने आलो, म्हणून आकड्यांसकट सांगतो. दर २०२५ चे घेतले आहेत.

पहिल्यांदा ऑफर लेटर उघडून बघा, ७०,००० मध्ये ८% हॉलिडे अलाउन्स धरलाय की तो वेगळा आहे. बहुतेक ठिकाणी तो मे महिन्यात एकदम मिळतो. आत धरला असेल तर महिन्याचा मूळ पगार ५,४०० च्या आसपास येतो. बरेच जण ७०,००० ला थेट बाराने भागतात आणि पहिल्या स्लिपला घाबरतात.

आता रूलिंग. पगाराच्या ३०%, म्हणजे २१,००० वर कर नाही. उरलेले ४९,००० करपात्र. पण करपात्र भाग २०२५ मध्ये किमान ४६,६६० असायला हवा (तिशीच्या आत आणि मास्टर्स असेल तर ३५,४६८). तुमचा बसतो. तुमच्या मित्राला ६०,००० ची ऑफर आहे म्हणालात; त्याला पूर्ण ३०% मिळणार नाहीत, ४६,६६० च्या वरचे १३,३४० एवढेच करमुक्त होतील. पूर्ण फायद्यासाठी साधारण ६६,७०० पगार लागतो.

हिशेब असा: करपात्र रकमेवर ३८,४४१ पर्यंत ३५.८२% कर, पुढे ७६,८१७ पर्यंत ३७.४८%. या करातून दोन सवलती वजा होतात, एक सर्वांना मिळणारी आणि एक नोकरी करणाऱ्यांना. इथेच लोक चुकतात. उत्पन्न वाढलं की या सवलती कमी होत जातात. तुमच्या पगाराच्या पट्ट्यात एक ६.३३७% ने, दुसरी ६.५१% ने. म्हणजे रूलिंगमुळे करपात्र रक्कम २१,००० नी खाली आली की नुसते ३७.४८% वाचत नाहीत, सवलतीही परत वाढतात. एकूण ५०.३३% वाचतात. २१,००० वर ते होतात १०,५६९ युरो.

रूलिंगशिवाय वर्षाला हातात सुमारे ४८,६८०, रूलिंगसह सुमारे ५९,२५०. महिन्याची स्लिप रूलिंगसह ४,६५० च्या आसपास, मे महिन्यात आणखी ३,३५० च्या आसपास. रूलिंगशिवाय तीच स्लिप ३,८४० ची. यातून पेन्शनचा तुमचा वाटा अजून जायचाय, तो कंपनीगणिक वेगळा असतो, तो विचारून घ्या. आरोग्य विमाही स्वतःच्या खिशातून भरायचा. तो दोघांचा धरा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मूळ विम्याला हप्ता नाही.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच की घरभाडं ३,८४० वर ठरवा, ४,६५० वर नाही. रूलिंग जास्तीत जास्त ५ वर्षांचं असतं, आणि तुमच्यासारख्या नव्यांना २०२७ पासून ३०% ऐवजी २७% मिळणार. तुमच्या पगारावर त्याने महिन्याला ८८ युरोचा फरक पडेल. त्याच वर्षी किमान करपात्र पगाराची अटही ५०,००० च्या वर जातेय, म्हणून पगारवाढीकडे लक्ष ठेवा.

पूर्वी ऑनसाइटला नेदरलँड्सला येऊन राहिला होतात का? गेल्या २५ वर्षांतला तिथला मुक्काम सहसा या पाच वर्षांतून वजा होतो (छोट्या कामाच्या फेऱ्या आणि सुट्ट्या सोडून). टीसीएस-इन्फोसिसच्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. जुन्या पासपोर्टवरचे शिक्के शोधून तारखा आत्ताच लिहून काढा.

अर्ज तुम्ही आणि कंपनीने मिळून करायचा. नोकरी सुरू झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत केला तर लाभ पहिल्या दिवसापासून, उशीर झाला तर अर्जानंतरच्या महिन्यापासून. माझ्या वेळी कंपनीच्या सल्लागाराने कागद टेबलावर पडू दिले आणि माझे पाच महिने गेले. ते पैसे परत आले नाहीत. मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता आणि भाड्याचं घर रिकामं, पलंगसुद्धा नव्हता, म्हणून ते अजून बोचतं. तुम्ही रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच ईमेलवर विचारा, अर्ज कोण आणि कधी पाठवणार.

पत्नीही इंजिनिअर आहे म्हणालात. त्या डिपेंडंट म्हणून आल्या आणि तिथे राहायला लागल्यावर नोकरी मिळाली, तर त्यांना रूलिंग सहसा मिळत नाही. परदेशातून भरती झालेली असावी ही मूळ अट आहे. माझ्या ओळखीतल्या अनेक मुलींचं हे नुकसान झालंय. शक्य असेल तर त्यांच्या मुलाखती पुण्यात असतानाच सुरू करा, करारावर सही निघण्याआधी व्हायला हवी.

आणखी एक, रूलिंग असलं की दोघांनाही भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स परीक्षा न देता डच लायसन्सशी बदलून मिळतं. पुण्याचं लायसन्स मुदतीत आहे ना, एवढं बघून निघा.